रानाचं पांघरूण

गुरुवारी मला रात्रपाळी नसते.
पोरं झोपली की नऊ-दहाच्या सुमारास
मी औलूमधून त्या जगात उतरते,
आणि चार तासांच्या रस्त्यावर, उत्तरेला,
केमियार्वीत बाबा उतरतात.

माझ्या गाठीला पन्नास मिनिटं.
म्हणून ते अ‍ॅड-ऑन टाकून घेतलं:
डोक्यावर सोनेरी बाण, खाली उरलेलं अंतर,
कुणाला भेटायचं, काय मारायचं, किती मुळ्या उपटायच्या,
कुठल्या दारात नेऊन द्यायच्या.
मेंढपाळाचं दुःख मी हल्ली वाचत नाही.
तो तोंड उघडेपर्यंत बाण वळलेला असतो.

बाबा, चाळीस वर्षं लाकडाचा ट्रक हाकलेला माणूस,
पहिलं गाव सोडायला त्यांना तीन आठवडे लागले.
विहिरीत वाकून बघायचे.
गिरणीमागे बसलेल्या एका म्हाताऱ्याला
रोज रामराम करावा तसं भेटायचे,
त्याला एकच वाक्य येत होतं.
"उद्या दुसरं बोलेल."
"बाबा, पूर्वेला. अहो, पूर्वेला!"
"पूर्व काय पळून जातेय?"

एकदा बोलू नये ते बोलले:
तुम्हाला वेळच वेळ आहे. मला नाही.
हेडफोनमध्ये त्यांच्याकडची केटली शिटी घालत होती.
त्यांनी ती बराच वेळ वाजू दिली.

पुढच्या गुरुवारी त्यांच्याही डोक्यावर बाण.
शेजारच्या वालतेरीकडून बसवून घेतला म्हणे.
चाळीस मिनिटांत नऊ कामं उरकली.
"झालं?"
"झालं."
"आता?"
"आता हे."
घोड्यामागे घोडा, खेप टाकून परतणाऱ्या ट्रकांसारखे.

मग बाणाने आम्हाला तळ्यात नेलं.
हरवलेली घंटा शोधायची होती.
बाण पाण्यावर थांबला, आणि सरळ खाली वळला.
शून्य मीटर.
तळाशी गाळ, एक आंधळा मासा, आटत चाललेला श्वास.
मी मेले. बाबाही मेले,
पण मासा बघून झाल्यावर.

मी फाइल उघडली.
बाण म्हणजे आत नुसती आकड्यांची उतरंड.
त्रेचाळीस पूर्णांक सातच्या जागी
कुणी सत्तेचाळीस पूर्णांक तीन लिहून ठेवलेलं.
शेजारी टिपण: अंधार होता. पुन्हा बघून येतो.
सहा वर्षांपूर्वीची तारीख.
तो आला नव्हता.

म्हणजे या प्रत्येक बाणाच्या आधी
कुणीतरी बिनबाणाचं चाललं होतं,
चुकत, माकत, हातात वही घेऊन.

बाबांना सांगितलं. म्हणाले,
आमच्याकडे कुणी जंगलात हरवलं की म्हणायचे,
रानानं त्याच्यावर पांघरूण घातलं.
ओळखीची झाडं ओळख देत नाहीत,
हाका ऐकू येतात, ओ देता येत नाही.
उपाय एकच, कोट उलटा करून घालायचा.

गेममध्ये चिलखत उलटं घालायची सोय नाही.
त्यांनी ते उतरवूनच ठेवलं
आणि नुसत्या सदऱ्यावर काठाकाठाने निघाले.
मी बाण बंद केला. मग नकाशाही.

घंटा त्या रात्री मिळाली नाही.
लव्हाळ्यात एक होडी मिळाली,
कुठल्याच यादीत नसलेली, न हलणारी.
दोघं तिच्यात बसून राहिलो.
साडेअकरा वाजले. सकाळी सहाला वॉर्डात हजर व्हायचं होतं.
बाबा म्हणाले, तुझा खालचा पोरगा बोलायला लागला का?
मी सांगितलं. बरंच सांगितलं.

सोमवारी बाण पुन्हा चालू केला, खोटं कशाला बोलू.
बाबांनी त्यांचा काढून टाकला, मी विचारलं नाही.
आकडा दुरुस्त करून पाठवूनही दिला;
पन्नास मिनिटंवाले माझ्यासारखे पुष्कळ असतील,
त्यांना कशाला बुडवायचं.

टिपण मात्र पुसलं नाही.
अंधार होता.
पुन्हा बघून येतो.