बद्द

विचिटात वारा थांबत नाही.
चार नंबरच्या हँगरचा पत्रा तो रात्रभर चाचपत राहतो,
कुठेतरी काहीतरी सैल आहे
असा त्यालाही संशय.

व्हर्लीन स्टकी सव्वापाचला येते.
डब्यात झ्विबाख, पावावर बसवलेला पाव,
तिच्या आजीच्या मेनोनाइट हाताचा.
गळ्यात चष्मा. खिशात शिक्का, क्रमांक ४१७.
आणि अर्ध्या डॉलरचं एक चांदीचं नाणं,
ज्यावरचा चेहरा एकतीस वर्षांत झिजून
आता कुणाचाही असू शकतो.

पहिल्या दिवशी म्हणाली,
लोक नाणं वाजवून घेतात, तुयेत.
आपण नाण्याने वाजवून घेतो.

सुकाणूच्या फळीवर पेरापेराचं अंतर सोडत ती निघते.
टण. टण. टण.
आत पोळ्यासारखी षटकोनी घरं,
वर पातळ कातडी, मध्ये गोंद.
गोंद धरून असेल तिथे खणखणीत.
सुटला असेल तिथे बद्द.
फरक एवढाच,
जेवढा 'हो' आणि 'हो हो' यांत.

रंगाकडे बघू नकोस, म्हणायची,
झाकणं हे त्याचं कामच आहे.
आणि ड्वेन रेगियर तारखेचा कागद घेऊन आला,
शुक्रवारी द्यायचंय म्हणाला,
की शांतपणे, शुक्रवार दर आठवड्याला येतो.

माझी आई व्हुंग ताऊहून या गावात आली
आणि अठरा वर्षं रिव्हेट ठोकत राहिली.
तेव्हा कानात बोळे घाला असं कुणी फार बजावत नसे.
आता घरात आम्ही सगळे ओरडून प्रेमाने बोलतो.
म्हणून ती मान मला ओळखीची आहे:
समोरचा बोलतो तेव्हा किंचित डावीकडे कलणारी,
आणि नंतरचं ते हसू,
न ऐकलेल्या वाक्याला दिलेलं.

जूनमधला मंगळवार. बाहेर गव्हाची कापणी,
दाराच्या फटीतून भुश्श्याचा वास.
टण. टण.
बद्द.
टण.
व्हर्लीन पुढे गेली.

माझी पेन्सिल थांबली.
तिला आवाज ऐकू आला नाही, पेन्सिल थांबलेली दिसली.
काय ऐकलंस?
काही नाही, मी म्हणाले.

ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली.
मग नाणं माझ्या तळहातावर ठेवलं.
गरम होतं.
तू ठोक.
मी ठोकलं. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं,
फळीकडे नाही.
मेणाच्या पेन्सिलीने गोल काढला,
तान्ह्या मुलाच्या पंजाएवढा.

दुपारी तिने दोन फॉर्म भरले.
पहिला सुकाणूचा.
दुसऱ्यावर, दोषाचं वर्णन: कान, डावा. बहुधा उजवाही.
केव्हापासून: ठाऊक नाही. मार्चपासून धरा.
उपाय: मार्चपासून ४१७चा शिक्का पडलेलं सगळं
दुसऱ्या कुणीतरी पुन्हा वाजवावं.
ड्वेन म्हणाला, अगं, अकरा विमानं आहेत.
ती म्हणाली, मला मोजता येतं.
शिक्का पाकिटात घातला, पाकीट चिकटवलं,
चिकटलंय ना हे अंगठ्याने दोनदा पाहिलं
आणि राहिलेला पाव गाडीत बसून खाल्ला.

अकरा सुकाणूंना मला थंडी येईपर्यंत वेळ लागला.
दहा खणखणीत. एकावर नखाएवढी जागा,
तीही चालण्यासारखी, मोजमापाच्या आतली.
तिला फोन करून सांगितलं, ओरडून.
बरं, म्हणाली. आणि मग, नक्की?

आता माझ्याकडे शिक्का आहे, ६०२.
त्या दिवशीच्या फॉर्मवर
माझ्या 'काही नाही'साठी रकाना नव्हता.
उमटवण्याआधी, शाई ओली असताना,
मी ते दोन शब्द एकदा वाजवून बघते.
अजून बद्दच.