पान एकेचाळीस

दर ऑगस्टला वर्लिन ओडेगार्ड
तळघरातल्या ऑफिसला आतून कडी लावायचा.
शेजारी बॉयलर, वर जिमची फरशी,
डोक्यावर दिवसभर चेंडू आपटत.
मी तासाला तीन डॉलर पस्तीस सेंटवर
मेणाने मजकूर चिकटवायची,
ब्लेडच्या टोकाने वाकडी ओळ सरळ करायची.
कॉलेजात मुलं सातशे. वार्ताहर दोन,
त्यातला एक बर्फ पडला की येतच नसे.
तरी गाइड चौसष्ट पानी.
कुणासाठी, असं मी एकदा विचारलं.
'जो उघडेल त्याच्यासाठी,' म्हणाला,
आणि लाल पेन्सिलीला टोक काढत बसला.

त्या वर्षी तो एका अक्षरावर अडला.
बास्केटबॉल, महिला, एका सामन्यात सर्वाधिक गुण:
एच. टोर्वाल्डसन, सदतीस, १९२६.
एच. म्हणजे कोण?
साठ वर्षं ती बाई एका टिंबामागे उभी होती
आणि कुणाला खटकलं नव्हतं.
त्याने चर्चची दफ्तरं चाळली,
खोऱ्यातले सगळे टोर्वाल्डसन फोनवर गाठले,
बीटची शेती करणारे, बीट सोडून गेलेले.
फोनचं बिल पाहून डीन काही बोलले नाहीत,
फक्त चष्मा पुसला.

ती सापडली. ग्राफ्टनच्या वृद्धाश्रमात,
खोली नऊ, वय एक्क्याऐंशी.
हयॉर्डिस.
'शेवटी एस एकच,' तिने बजावलं,
आणि मग, फोन ठेवता ठेवता:
'सदतीस नव्हे हो. छत्तीस.
एक फ्री थ्रो एल्मा बाकेनचा होता.
टेबलावरचा पोरगा माझ्याकडे बघत बसला होता,
त्याने माझ्या नावावर मांडला.
एल्मा चिडली होती. आता तीही गेली.'

वर्लिन बराच वेळ रिसीव्हर हातात धरून बसला.
पुरावा काय? एका म्हातारीचा शब्द,
तोही स्वतःच्या विरुद्ध.
त्याहून पक्का कागद त्याला कुठे मिळणार होता?
छत्तीस केलं, तर डॅनेट कोल्बो बरोबरीला येते;
तिचे छत्तीस चार वर्षांपूर्वीचे,
ती आता फार्गोत दातांच्या डॉक्टरकडे कामाला.
त्याने सातावर काट मारली.
दोघींची नावं एकाखाली एक आली.
छत्तीसचा आकडा,
पण पाठ कुणी कुणाला केली नाही.

मार्चमध्ये बक्षीस लागलं.
जिल्हा, ब गट, तिसरा क्रमांक: मुखपृष्ठ.
मुखपृष्ठ माझं होतं,
रेडिएटरवर वाळत घातलेले अकरा बूट.
(बारावा कुठे गेला, अजून माहीत नाही.)
ओमाहाच्या हॉटेलात कोंबडी, फरसबी, मायक्रोफोनची शीळ.
मोठ्या विद्यापीठांची गाइडं टेबलावर मांडलेली,
गुळगुळीत, आरशासारखी, टेलिफोनच्या पुस्तकाएवढी जाड.
वर्लिन तपकिरी सुटात.
आर्लिस, त्याची बायको, सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होती,
माझ्यासाठी की त्याच्यासाठी, तिलाच ठाऊक.

परीक्षकाची चिठ्ठी फलकाला टाचलेली:
'कल्पक मुखपृष्ठ. विक्रमांची पानं फार लांबली आहेत,
कापता येतील.'
परतीच्या वाटेवर त्याने ती दोनदा वाचून घेतली माझ्याकडून.
दुसऱ्यांदा हसला.
'म्हणजे तिथपर्यंत पोचला तर गडी,' म्हणाला.

फलक खिडकीला टेकू म्हणून लागला.
ती खिडकी तशी कधी उघडी राहत नसे.

मग एप्रिलात पाकीट आलं, ग्राफ्टनहून,
अक्षर मोठं, ओळ उतरत जाणारी:
'बूट छान आहेत. पान एकेचाळीस वाचलं.
सामना फेब्रुवारीत नव्हता, जानेवारीत.
नदी तेव्हा पक्की गोठलेली होती,
आम्ही चालत पलीकडे गेलो होतो, चेंडू माझ्याकडे.
एल्माचं नाव कुठेच नाही.
एका गुणासाठी जागा असते का?'

वर्लिनने कडी लावली.
ऑगस्टला अजून चार महिने होते.
'पान वाढवावं लागेल,' तो म्हणाला,
आणि पेन्सिल शोधू लागला,
जी त्याच्या कानावरच होती.