तेमा

तिसऱ्या खंडात, पान दोनशे बारावर
घोडेस्वार येतो की येते,
गिरणीच्या पायरीवर बाळ ठेवतो की ठेवते,
मूळ भाषेत ते लख्ख आहे.
आमच्या एस्टोनियनमध्ये एकच शब्द: तेमा.
तो नाही, ती नाही. तेमा.
अनुवाद करताना माझ्या मनात
फक्त शुक्रवारची मुदत होती.

आता तार्तूच्या वाचनालयात दर गुरुवारी
कोटांवरचा बर्फ झटकत जमतात सगळे.
बेकरीतला काउर म्हणतो, तेमा म्हणजे बुडालेली राणी,
म्हणून तर हार्ने पाण्याला भितो.
निवृत्त दंतवैद्य म्हणतात, छे, राजाचा सावत्र भाऊ!
पान साठ बघा, दातांमधली फट,
ती रक्तातनंच उतरते.
चौदा वर्षांची विल्या वहीत वंशवृक्ष काढते.
बापाच्या चौकटीत खोडून खोडून
कागद लोकरीसारखा झालाय.

"उर्वे, तुम्हाला माहीत असणारच."
आहे माहीत.
स्वार एक भाडोत्री मोतद्दार होता.
सातव्या खंडात एका ओळीत उरकलंय:
मिठाची पिशवी घेतली आणि गेला.
बाळ कोणाचं, विचारलंसुद्धा नाही त्यानं.

मी चहा ओतते.
खिडकीखाली एमायोगी, नावातच आई असलेली नदी,
अजून गोठायला तयार नाही.
प्रकाशकाचं तिसरं पत्र पर्समध्ये आहे.
बाकीचा खंड झालाय. ती ओळ तेवढी राहिलीय.

विल्या विचारते, आणखी एक पेन्सिल आहे का,
हिचं टोक गेलं.