न वाजणारा डबा

पहिल्या वेचणीचा कापूस गावात आला
की आमच्या स्टुडिओला खोकला होतो.
पंख्याच्या पात्यांवर, मिक्सरच्या खाचांत,
माइकला घातलेल्या रुबाबभाईंच्या जुन्या मोज्यावर
पांढरी लव बसते,
आणि सातच्या बातम्यांत कुणीतरी शिंकतंच.
चोपड्यात काहीजण त्या शिंकेवर घड्याळ लावतात.

पन्नास वॉटचं आमचं स्टेशन.
बंद जिनिंगच्या गच्चीवरून निघालेला आवाज
उत्तरेला सातपुड्याच्या पहिल्याच टेकाडावर डोकं आपटतो,
दक्षिणेला तापी कशीबशी ओलांडून
पलीकडच्या काठावर ओल्या पायांनी उभा राहतो.
तेवढंच राज्य.
केळीचा आजचा भाव. हरवलेली काळी शेळी, एक शिंग मोडकं.
डीपीवर लाइनमन चढलाय,
कृपा करून कुणी मोटार चालू करू नका.

यंदा भुलाबाई बसल्या त्या संध्याकाळी
नजमा तडवी म्हणाली,
अरे, हा खेळ तर मुळात रेडिओचाच आहे!
झाकण लावलेला डबा, त्याचा आवाज,
न बघता ओळखायचं, आत काय.
मग रोज साडेसातला ती माइकपाशी डबा हलवायची.
शेंगदाणे शेंगदाण्यांसारखेच वाजायचे,
दुसरी उपमा मला सुचली नाही.
फुटाणे हलके, बढाईखोर.
शंकरपाळ्यांना कोपरे असतात हे कानाला कळायचं.
फोन यायचे, बहुतेक चुकायचे.
अडावदचे एक निवृत्त मास्तर रोज म्हणायचे, साबुदाणा वडा.
एक ना एक दिवस असेलच, या हिशोबानं.

कोजागिरीच्या आदल्या दिवशी वीज गेली.
रुबाबभाईंनी ट्रॅक्टरची बॅटरी जोडली.
नजमानं डबा हलवला.
काही नाही.
पुन्हा हलवला, दोन्ही हातांनी.
मी वायरी चाचपल्या, मोजा काढून पाहिला.
दहा सेकंद शांतता गेली हवेवर;
आमच्या धंद्यात त्याला अपघात म्हणतात.
फोन सुरू झाले. माइक गेला का?
डबा रिकामा आहे, पोरींना फसवता काय?
साबुदाणा वडा.

मग एक अनोळखी नंबर. रायली बारेला.
श्रावणात ती स्टुडिओत आली होती,
माइकला बोट लावून तिनं विचारलं होतं,
हा ऐकतो, की बोलतो?
दसरा झाला नि घरचे ऊसतोडीला गेले, बारडोलीकडं.
तिलाही नेलं. वही इथंच राहिली.
"आठे तुमना रेडिओ लागत नही," ती म्हणाली,
"फोनजोडे हलावा ना डबा."

नजमानं फोनला डबा लावला. हलवला.
तिकडं कुत्रं भुंकत होतं,
कुणीतरी हंड्यात पाणी ओतत होतं,
ओतणं थांबलं.
"गूळ शे," रायली म्हणाली.
"तयले चिकटी गया. म्हनीसन बोलत नही."

झाकण उघडल्याचा आवाज तेवढा गेला,
टेकाडापासून तापीपर्यंत.
आणि नजमाचं "हो".

खिरापत जिंकणाऱ्याची, हा नियम आमचाच.
आता बारडोलीच्या उसात पोस्टानं गूळ पाठवायचा,
रुबाबभाई मोठ्यानं हसले,
मग बॅटरीचे चिमटे उगाच काढून पुन्हा लावत बसले.

डबा ट्रान्समीटरवर आहे.
तिच्या नावाची चिठ्ठी चिकटवलेली, परतीची तारीख मोकळी.
खाली यंत्र रात्रभर उबदार असतं.

प्रक्षेपणाची नोंदवही माझ्याकडं.
त्यात फक्त वेळ आणि बिघाड लिहायचा असतो.
आज लिहिलं,
सहा अठ्ठावन्न. मुंग्या.
प्रक्षेपण सुरळीत.