कुटुंबप्रमुखाचा रकाना

फॉर्मवर तिसरा रकाना: कुटुंबप्रमुख.
मी पेन उघडून उभी
काळाचौकीच्या सतरा नंबरच्या खोलीत,
आणि भिंतीवर बावन्न खुंट्या.

धाकूतात्या म्हणाले, लिहा,
आंबेखिंड ग्रामस्थ मंडळ, मुंबई.
मी म्हटलं, मंडळाला बायकापोरं नसतात.
म्हणाले, आम्हाला तरी कुठं होती,
शिमग्याचे आठ दिवस सोडले तर.

दहा बाय बारा.
दिवसपाळीचा उठायचा, रातपाळीचा पडायचा,
वळकटी चाळीस वर्षं गार झाली नाही.
दाराच्या आतून निळ्या ऑइलपेंटात नियम:
भाडे पाच तारखेच्या आत.
तंबाखू बाहेर थुंकावी.
बाईमाणूस उंबऱ्यापर्यंत.
मी उंबऱ्याच्या आत होते,
हातात मोजमापाची टेप.

एकतिसावी खुंटी माझ्या बापाची.
फॉर्मवर त्याला जागा नव्हती.
मी खोलीची उंची लिहिली.

मग दीड वर्ष नुसत्या सभा.
मंडळाच्या खोल्या चार, घरं चार, धनी दोनशे.
जे वारले त्यांची पोरं आली
वकिलाचं कार्ड घेऊन.
मी नकाशात वाऱ्याचे बाण काढत होते,
समोरासमोर खिडक्या, गच्चीवर सौरपत्रे,
पोटात पावसाच्या पाण्याची टाकी,
आणि मागे कुणीतरी खुर्ची उचलली होती.

शेवटी चिठ्ठ्या.
तीन घरं, ज्यांची पोरं इथल्या शाळेत जातील त्यांना.
चौथं कुणाचंच नाही:
केईएमला येणाऱ्या गावच्या माणसासाठी,
"बाईमाणसासकट" –
हा शब्द तात्यांनी दोनदा वाचून घेतला.

जुन्या सागवानी तुळयांचे अंगणात बाक झाले.
खिळ्यांची भोकं बुजवू नका म्हटलं
तर सुतार रुसला.

परवा आई आली, मोतीबिंदू काढायला.
ज्या पत्त्यावर एकवीस वर्षं
शेजारच्या पोराकडून पत्रं लिहवून धाडली
तिथं पहिल्यांदाच निजली.
एवढी हवा कुठनं येते, म्हणाली,
आणि खिडकी निम्मी लोटून घेतली.

सकाळी मी अंथरूण गुंडाळायला वाकले.
राहू दे, म्हणाली,
ऊब आहे अजून,
रातपाळीचं कुणी येईल.