कोंबांचं पाणी

घाटापलीकडच्या सोन्याच्या खाणीतून
वीस लिटरचा निळा कॅन आला,
झाकणावर लाल टेप, टेपवर कवटी,
आणि पावतीवर फक्त ‘नमुना क्र. सात’.
मिंगेलने तो लिफ्टने नेला नाही,
जिन्याने नेला, एकेक पायरी मोजत,
आत कुणी झोपलंय असा.

सायनाइडला कडू बदामाचा वास येतो म्हणतात.
मला येत नाही.
काही नाकांना तो जन्मतःच कळत नाही,
माझं नाक त्यातलं.
म्हणून माझा भरवसा कॉस्टिकच्या बाटलीवर.
पीएच साडेदहाच्या खाली उतरू द्यायचा नाही,
उतरला की विष पाणी सोडून हवेत उठतं.
हे मी रोज सकाळी मोठ्याने म्हणते.
मिंगेल ‘आमेन’ म्हणतो.

ताळगावच्या पठारावर आमची गच्ची.
खाली काजू, पलीकडे झुआरीचं तोंड,
कठड्यालगत काचेची अकरा भांडी,
प्रत्येकात चिमूटभर पांढरी पूड.
भिंतीच्या रंगात असते तीच.
मिंगेलच्या वाड्यावरच्या कपेलला
पावसाळा सरला की जो हात देतात, त्यातली.
‘म्हणजे बाय, खुरसाचा रंग आपण विषात कालवला,’
तो म्हणतो, आणि ढवळत राहतो.

ऊन पडलं की पूड जागी होते.
शाळेतली मुलं आली की एवढंच सांगते.
खरं तर ऊन पुडीतला एक इलेक्ट्रॉन
जागेवरून उठवतं,
मागे एक भोक राहतं,
आणि ते भोक भुकेलं असतं.

माझे बाबा, सोयरू गावस,
डिचोलीकडच्या खाणीवर टिपर चालवायचे.
त्यांची बनियन कधी पांढरी झालीच नाही.
ते लोखंड. त्याला सायनाइड लागत नाही,
नुसता डोंगर लागतो.
आईच्या पाटल्या टिपरच्या हप्त्यांत गेल्या.
कुठल्या पाण्यात विरघळून वर आलेलं सोनं होतं ते,
घेताना कुणी विचारलं नव्हतं,
विकतानाही नाही.

आठ दिवसांनी आज उघडीप.
सातव्या नमुन्यात लोखंड निघालं.
त्याने सायनाइड गच्च धरलेलं,
अंधारात दोघंही गरीब,
दार लावून बसलेल्या जोडप्यासारखी.
उन्हात ठेवलं, आणि बाराच्या सुमारास
मोकळ्या सायनाइडचा आकडा
उतरायच्या ऐवजी चढला.
पोरांना खाली पाठवलं. पुन्हा मोजलं.
चढलाच होता.

उजेड आधी विष मोकळं करतो,
मग पुडीच्या हाती देतो.
वाचलेलं होतं हे,
पण हातमोज्यांत घाम साचला की
वाचलेलं आठवत नाही.

मधेच आईचा फोन. किल्ल आणलीय,
म्हणजे बांबूचे कोवळे कोंब.
चिरून तीन दिवस पाण्यात, रोज पाणी बदलायचं,
मग उकळायचं, तेही पाणी ओतायचं.
‘का गं?’ मी विचारलं, मला ठाऊक नसल्यागत.
‘कडू लागतं.’
‘आणि ते पाणी कुठे ओततेस?’
‘गोठ्याकडे नाही. केळीकडे नाही.
तिथे कातळावर, उन्हात.’
कुणी शिकवलं, तिला आठवेना.
तू जेवलीस का, तिने विचारलं.

पाचला ऊन माडांच्या मागे गेलं.
पूड बुडाशी बसली.
ती गाळायची, धुवायची, उद्या पुन्हा घालायची.
नोंदवहीत लिहिलं:
लिटरमागे मिलिग्रॅम,
सकाळी अकरा, दुपारी सव्वीस, पाचला तीन.

तीन म्हणजे शून्य नव्हे.
‘ओतूं?’ मिंगेल म्हणाला.
नको.
उद्या ऊन असलं तर अजून एक दिवस ठेवू.
भांड्यांवर झाकणं बसवली,
आणि कॅनवरची टेप सुटत आली होती
ती अंगठ्याने पुन्हा दाबली,
कवटीसकट.