दोन हात

योझेफवारोशमधल्या तिसऱ्या मजल्यावर
मला जी खोली मिळाली, तिचा रंग
कुणालाच सांगता येईना.
दलाल म्हणाला, क्रीम.
माझी बहीण एमेशे म्हणाली, दुखणं.

शनिवारी पत्रा घेऊन खरवडायला बसले.
आधी निघालं ते क्रीम,
चहात विसरलेल्या बिस्किटासारखं.
त्याखाली पारवा.
पारव्याखाली हिरवा, कमरेपर्यंतच,
तेलकट, दवाखान्यातला,
जिथे टेकून माणसं नंबराची वाट बघतात तसला.
आणि त्याच्याही खाली, चुन्यावर,
रबरी रोलरने उठवलेली चंदेरी पानं,
एकाखाली एक, शाळेतल्या रांगेसारखी.
खिडकीपाशी फक्त एक ओळ तिरकी गेलेली.
रंगाऱ्याला तेव्हा कुणी हाक मारली असेल
किंवा नुसती शिंक आली असेल.
त्या ओळीपाशी मी बराच वेळ पत्रा धरून उभी राहिले.
मग तीही खरवडली.
पोपडा सुटला होता, काय करणार.

देझोकाका आले वर्तमानपत्राची टोपी घालून,
टोपीवर अर्धी फुटबॉलची बातमी.
मी कार्ड दाखवलं : जर्दाळू.
त्यांनी ते उजेडाकडे धरलं, मग नाकाकडे.
म्हणाले, कार्डावरचा रंग खोटं बोलतो,
डब्यातला बोलतो, ओला तर सर्रास बोलतो.
वाळल्यावर विचारा.

पहिला हात वाळला रात्री अकराला.
बल्ब लावला, तर कावीळ.
चारही भिंतींना.
मी उलट्या बादलीवर बसून
पावाबरोबर ढोबळी मिरची खाल्ली
आणि या घरासाठी काढलेल्या कर्जाचे
उरलेले हप्ते मोजले.
सकाळी देझोकाका म्हणाले,
पहिला हात भिंत पिऊन टाकते, आभारही मानत नाही.
आणि दुसऱ्या हाताला लागले.

आमच्या चौकात ऊन येतं साडेनऊला,
दोन धुराड्यांच्या मधून, चाळीसेक मिनिटं,
तेही पाहुण्यासारखं, कोट न काढता.
त्या सोमवारी ते माझ्या भिंतीवर आदळलं,
खिडकीतून परत फिरलं,
चौक ओलांडून समोरच्या गॅलरीत गेलं,
आणि तिथून केलेमेन ओरडले :
बाई, तुमचा पिवळा माझ्या स्वयंपाकघरात शिरलाय!

याच केलेमेननी बैठकीत माझ्या खरवडण्याची तक्रार केली होती.
म्हटलं, आता होऊनच जाऊ देत दोन हात.
रंगाच्या चपला तशाच घालून गेले.
आत राखाडी फरशा, राखाडी टॉवेल,
गॅसवर चिमूटभर निळा जाळ,
आणि शेगडीच्या वर, तिरका, किंचित हलणारा
टेबलक्लॉथएवढा जर्दाळू.
मी तोंड उघडलं. म्हणाले,
किती वाजेपर्यंत असतो हा?
दहा, सव्वादहा.
पडदा लावू का, मी विचारलं.
त्यांनी उत्तर दिलं नाही.
स्टूल ओढलं, बटाट्यांचं पातेलं मांडीवर घेतलं
आणि पहिलाच बटाटा
त्या उजेडात धरून
इतका सावकाश सोलला
की साल कुठे तुटली नाही.

देझोकाकांनी बिलात दोनच हात लावलेत.
चौकापलीकडे गेलेला धरला नाही.

माझ्या मनगटाचा रंग अजून जात नाही.
ट्राममध्ये एका लहान मुलीने बोट लावून बघितलं,
मग स्वतःचं बोट बघितलं.

वर, छताजवळ, ब्रशचा एक केस वाळून चिकटलाय.
काढायचाय, पण शिडी नाही.
गुरुवारी केलेमेन घेऊन गेले,
म्हणाले, बल्ब बदलायचाय.
आज मंगळवार.
समोरून पत्र्याचा आवाज येतोय,
खरर्र, खरर्र.
तक्रार करावी म्हणते.